बदलीचा माणूस

ट्रेव्हर हिंचलिफने आयुष्यभर पंपांची ड्रॉइंग्ज काढली होती, आणि कागदावर नसलेली रेघ त्याने कधी कुणाला गृहीत धरू दिली नव्हती. ड्रॉइंगवर भोक दाखवलं असेल तर ते पाडायचं. दाखवलं नसेल तर फिटरच्या मनाला कितीही वाटलं तरी पाडायचं नाही. इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या त्या कारखान्यात नवीन पोरं लागली की पहिल्याच दिवशी तो त्यांना हे ऐकवायचा, आणि पोरं त्याच्या माघारी त्याच्याच आवाजात एकमेकांना ऐकवायची. त्याला ते ठाऊक होतं. त्याचं त्याला काही वाटत नसे.

सप्टेंबरात मालकांनी ड्रॉइंग ऑफिस अर्ध्यावर आणलं. ट्रेव्हर आणि रसेल सायक्स एकाच वर्षी शाळा सोडून तिथे उमेदवार म्हणून लागले होते. ते एकाच दुपारी, आपापला चहाचा मग वर्तमानपत्रात गुंडाळून, बाहेर पडले. रसेलचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत तो एकटा राहायचा. नोकरी गेल्यावर दोनदा ट्रेव्हरला तो बाजारात दिसला, आणि दोन्ही वेळा त्याने दाढी केलेली नव्हती.

पण हाताशी माणूस उरला नाही म्हणून काम काही थांबलं नाही. महिना पुरता उलटला नव्हता, तोच लीड्सच्या एका एजन्सीतून ट्रेव्हरला फोन आला. त्याच कारखान्यात, त्याच कामाला, त्याच खिडकीशी बसायला माणूस हवा होता. फक्त आता नोकर म्हणून नाही, कंत्राटावर. फोनवरच्या पोराने दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे छत्री कंपनी: ती कागदोपत्री तुमची मालक होते, एजन्सीकडून पैसे घेते, कर कापते, आपला हिस्सा काढते आणि उरलेला पगार म्हणून तुमच्या हातावर ठेवते. दुसरी म्हणजे स्वतःची लिमिटेड कंपनी काढायची, आपणच तिचे डायरेक्टर व्हायचं आणि आपल्या कंपनीच्या नावाने बिल लावायचं. दोन्हींतलं काहीही चालेल, तो म्हणाला, पण शुक्रवारपर्यंत सांगा.

ट्रेव्हरने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेला. त्याची बायको डनीस खिडकीपाशी तिच्या ठरलेल्या जागी बसली होती. लग्न झाल्यापासून एकही सकाळ तिने चुकवली नव्हती. बायबलमधलं दिवसाचं वचन वाचायचं, डोळे मिटून थोडा वेळ गप्प राहायचं आणि मगच चहाला हात लावायचा. गेल्या वर्षी काढलेली गाठ आता यकृतात परत आली होती, आणि इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की वसंतापलीकडचं काही ठरवू नका. तरीही सकाळची ती जागा तिने सोडली नव्हती. फक्त आता खुर्चीत उशी असायची.

त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि त्याच्या मनात पैशाचं चाललंय असं दिसल्यावर त्याला थांबवलं.

"माझे वडील आठवतात तुला?" ती म्हणाली. "आई गेल्यावर कोट घालून पुढच्या खिडकीत बसायचे. कुठे जायचं नसायचं, पण कोट घालायचे. त्यांना आजार काही नव्हता, ट्रेव्ह. पुढच्या पानगळीपर्यंत गेले."

ट्रेव्हर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"मी गेले की आठवड्याच्या आत तू कामावर जायचंस. पैशासाठी नाही सांगत. सकाळी तुला कुणीतरी मॉर्निंग म्हणायला हवं. मला वचन दे."

त्याने दिलं. त्या घरात दिलेलं वचन हवेवर सोडून द्यायची रीत नव्हती.

पण मग गुंता असा झाला, की एक गोष्ट त्याने स्वतःलाही वचन म्हणून दिली होती, फक्त तिला बोलून दाखवली नव्हती. तिचे शेवटचे दिवस तो तिच्याजवळ काढणार होता. बाहेरच्या नर्सच्या भरवशावर तिला ठेवून पंपाच्या झडपांची ड्रॉइंग्ज काढत बसणार नव्हता. म्हणजे वेळ आली की घरी राहायचं, आणि वेळ सरली की परत जायला ती खुर्ची रिकामी हवी. यातली एक गोष्ट पुष्कळांना मिळते. त्याला दोन्ही हव्या होत्या.

रसेललाही तसाच फोन आला होता, वेकफील्डच्या एका कामासाठी. बुधवारी तो चहाला आला. त्याने छत्री कंपनी धरली होती, आणि ट्रेव्हरनेही तीच धरावी असा त्याचा आग्रह होता. कागदपत्रं नकोत, अकाउंटंट नको, सुट्टीचे पैसे मिळतात, ताप आला तर त्याचेही दोन पैसे मिळतात. डनीसने विचारलं की हे सुट्टीचे पैसे देतं कोण. रसेल हसला. देतो मीच, म्हणाला, माझ्याच रोजातून आधी कापतात आणि मग मलाच सुट्टी म्हणून देतात. मालकाने भरायचा करसुद्धा माझ्याच खिशातून जातो.

"मग मालक कशाला हवा तुला?" डनीस म्हणाली.

"कुणाचा तरी नोकर आहे म्हणायला," रसेल म्हणाला. "सवय आहे गं."

ट्रेव्हरने विचारलं, समजा काही आठवडे घरी राहायची पाळी आली, तर जागा राहते का. रसेलचं हसू ओसरलं. त्याला कळलं कशाबद्दल विचारणं चाललंय. जागा नाही राहत, तो हळूच म्हणाला. छत्रीवाले तुला सुट्टी देतील, पण खुर्ची त्यांची नाही, कारखान्याची. एजन्सी दुसऱ्याच सोमवारी माणूस पाठवेल.

तो गेल्यावर ट्रेव्हरने एजन्सीने पाठवलेला, लिमिटेड कंपनीसाठीचा कराराचा मसुदा बाहेर काढला आणि ड्रॉइंग तपासावं तसा, पट्टी धरून, ओळीओळीने वाचला. असले मसुदे कुणी वाचत नाही. पोरं सही करायची जागा शोधतात. त्याने नववं कलम दोनदा वाचलं आणि मसुदा डनीससमोर ठेवला. त्यात लिहिलं होतं, की कंपनीला हवं तेव्हा ती आपल्या माणसाऐवजी तितकाच लायक बदलीचा माणूस कामाला पाठवू शकेल, आणि कारखाना त्याला विनाकारण नाकारणार नाही.

"हे बघ," तो म्हणाला. "मी घरी राहीन, रसेलला पाठवीन. काम चालू राहील. करार चालू राहील. मग मी परत जाईन."

डनीसने चष्मा लावून वाचलं. "असं लिहिलंय खरं," ती म्हणाली.

"लिहिलंय म्हणजे आहे," ट्रेव्हर म्हणाला.

शुक्रवारी त्याने एजन्सीला कळवलं. कंपनीसाठी सुचलेली पहिली दोन नावं आधीच कुणीतरी घेतलेली निघाली, तेव्हा डनीसने वेसेंडन हे नाव काढलं. लग्नाआधी ते दोघं ज्या खोऱ्यात फिरायला जायचे त्याचं. अर्धा हिस्सा तिच्या नावावर लावला. ती म्हणाली, "आता तू डायरेक्टर. पण मंगळवारी कचऱ्याचा डबा डायरेक्टरांनीच बाहेर ठेवायचा." ट्रेव्हर हसला. त्या पानगळीत तो जितका हसला त्यातलं बरंचसं त्याच दिवशी हसला.

कंपनीसाठी नेमलेल्या अकाउंटंटबाईंनी त्याला फोनवर बजावून सांगितलं होतं. कर खात्याला हे पटलं पाहिजे, की तुम्ही त्यांचे नोकर नाही, बाहेरचे व्यावसायिक आहात, नाहीतर कर नोकराइतकाच लावतील. मग वागायलाही तसंच हवं. कर्मचाऱ्यांच्या जागेत गाडी लावू नका. स्वस्तातल्या कॅन्टीनमध्ये जेवू नका. त्यांच्या नाताळच्या जेवणाला जाऊ नका. कुणाच्या वाढदिवसाची वर्गणी निघाली तर त्यात पडू नका. नववं कलम आहे ते चांगलं आहे, त्या म्हणाल्या, त्याने तुमची बाजू भक्कम होते. त्याचा वापर करायचा विचार आहे असं ट्रेव्हरने सांगितल्यावर त्यांनी ते त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्या म्हणाल्या, वापरता येतंच, का नाही येणार. मी अजून कुणी वापरल्याचं पाहिलं नाही, एवढंच.

अशा रीतीने ट्रेव्हर आपल्याच खिडकीशी परत आला, पाहुणा होऊन. नोकरांच्या गळ्यात निळी पट्टी असायची, याच्या गळ्यात लाल आली. गाडी लावायची टेकडीवरच्या पाहुण्यांच्या तळावर, आणि तिथून पावसात खाली चालत यायचं. पहिल्याच आठवड्यात त्याने जेम्माकडे बदलीचा माणूस म्हणून रसेलचं नाव देऊन ठेवलं. जेम्मा ऑफिसची मॅनेजर, वयाने त्याच्या निम्मी, आणि पूर्वी त्याच्याच हाताखाली शिकलेली. तिला नवल वाटलं. आजवर हे कुणी मागितलं नव्हतं, पण करारात आहे म्हटल्यावर तिने सुरक्षेची सगळी तपासणी करवून रसेलचा पास आधीच तयार ठेवायची सोय केली. ट्रेव्हरला बरं वाटलं. ड्रॉइंगप्रमाणे काम झालं होतं.

शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये तळलेला मासा आणि चिप्स असायचे, आणि इतकी वर्षं ड्रॉइंग ऑफिस एकाच लांब टेबलाशी बसून ते खायचं. पहिल्या शुक्रवारी पॅम त्याला बोलवायला आली. पॅम म्हणजे ऑफिसची जुनी माणूस, वर्गण्या गोळा करणारी, सगळ्यांची सुखदुःखं ठाऊक असलेली. ट्रेव्हरने नियम समजावून सांगितला.

"एक चिप खाल्लीस तर कर खातं काय पकडून नेणार आहे तुला?" ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि घरचं सँडविच खायला टेकडी चढून गाडीत जाऊन बसला. पुढच्या शुक्रवारी तिने पुन्हा विचारलं. त्यानंतर विचारलं नाही. वाढदिवसाची कार्डं त्याच्या टेबलाला वळसा घालून पुढे जाऊ लागली. कुणी मुद्दाम करत नव्हतं. तोच तर म्हणाला होता.

नोव्हेंबरात बॉनफायरच्या, शेकोट्या-फटाक्यांच्या दिवसांत डनीस दरवर्षी पार्किन करायची, आल्याचा आणि ओटचा तो चिकट काळा केक, आणि डबा भरून ऑफिसला पाठवायची. त्या वर्षी स्टूलवर बसून, थांबत थांबत तिने तो केला. ट्रेव्हर डबा घेऊन गेला. द्यायला हरकत आहे की नाही हे अकाउंटंटबाईंना विचारायचं राहून गेलं होतं, आणि कागदावर नसलेली गोष्ट करायची नाही हे त्याच्या हाडात होतं. डबा दिवसभर गाडीतच राहिला. संध्याकाळी त्याने तो ओट्यावर ठेवला आणि सगळ्यांना आवडला म्हणून सांगितलं. डनीसने डबा उचलला, त्याचं वजन हातात तोललं आणि खाली ठेवला.

"ट्रेव्ह," ती म्हणाली, "तू तिथे जातोस ना, की नुसता बसून येतोस?"

त्याने डबा उचलून फडताळात ठेवला. बाहेर पोरं फटाके उडवत होती. तिने पुन्हा विचारलं नाही. उरलेला पार्किन ते दोघं डिसेंबरपर्यंत खात होते.

नाताळाच्या तोंडावर रसेलचं वेकफील्डचं काम एका फोनवर संपलं. छत्री कंपनीने त्याला साचलेले सुट्टीचे पैसे आणि एक शुभेच्छापत्र धाडलं. त्या कंपनीतल्या एकाही माणसाचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. जानेवारीत तो पुन्हा दाढी न करता दिसू लागला. म्हणून फेब्रुवारीत, डनीसला जिना चढवेनासा झाला आणि पलंग खाली आणावा लागला तेव्हा, ट्रेव्हरने रसेलला बोलावून घेतलं. आपल्या हातून दोघांचं भलं होतंय असंच त्याला वाटलं.

त्याने सगळं नीट ठरवलं. रसेल ट्रेव्हरच्या कंपनीसाठी काम करेल, कारखाना कंपनीला पैसे देईल, कंपनी रसेलला. एका सोमवारी दोघं बरोबरच गेटवर गेले. ट्रेव्हरने त्याला टेबल दाखवलं, अर्धवट ड्रॉइंग्ज समजावली, खिडकीची कडी अडकते ते सांगितलं, जसं काही रसेलला ते ठाऊक नव्हतं.

"मी सांभाळतो रे," रसेल म्हणाला. "जा तू. ती वाट बघत असेल."

मग जे दिवस आले त्यांच्याबद्दल ट्रेव्हरने पुढे कधी तक्रार केली नाही. ते त्याला पुरेपूर मिळाले. सकाळी पडदा सरकवून तो पलंगाशी बसायचा. डनीसच्या डोळ्यांना अक्षरं झेपेनाशी झाली होती, म्हणून तिचं दिवसाचं वचन आता तो वाचायचा. त्याला मोठ्याने वाचायची सवय नव्हती. तो ड्रॉइंगवरच्या टिपा वाचाव्यात तसा सपाट वाचायचा, आणि ती डोळे मिटून ऐकायची. त्यानंतरची ती थोडी शांतता दोघं मिळून पाळायचे. सगळा जन्म ती हे एकटी करत आली होती आणि तो दाराशी बूट घालत असायचा. आता त्याला वाटायचं, एवढंच होतं तर मी आधी का नाही बसलो. चर्चची मंडळी सूप आणून द्यायची. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, लेंट, सुरू झाले तशी तिने दरवर्षीप्रमाणे साखर सोडली, आणि नर्सने कितीही सांगितलं तरी चहा कोराच घेतला. देवाला दिलेलं होतं ते.

जाग आली की ती कधी कधी विचारायची, "रसेलचं जमतंय ना?" आणि मग, "तुझी जागा आहे ना?"

"आहे," ट्रेव्हर म्हणायचा. "करारात आहे."

ईस्टरच्या आधी, एका स्वच्छ सकाळी, वाचून झाल्यानंतरच्या शांततेत ती गेली. त्याला ते लगेच कळलंही नाही. तो शांतता पाळत तसाच बसून राहिला होता.

अंत्यविधीला चर्चमध्ये ड्रॉइंग ऑफिसातले बरेच जण आले. पॅम रडली. ते सगळे एका बाकावर बसले होते आणि रसेल त्यांच्या मधोमध होता. नंतर हॉलमध्ये हॅमची सँडविचेस आणि चहा होता, तिथेही तो त्यांच्यातच उभा होता, आणि त्याने काहीतरी हळू आवाजात सांगितलं तसं त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर ओझरतं हसू येऊन गेलं. ट्रेव्हरच्या लक्षात आलं, की रसेलने दाढी केली आहे आणि त्याचा शर्ट इस्त्रीचा आहे. त्याला बरंच वाटलं. निघताना रसेलने त्याचा हात धरून ठेवला, काही बोलायला तोंड उघडलं आणि मग नुसताच खांदा थोपटून गेला.

आठवड्याच्या आत, म्हणजे पुढच्याच सोमवारी, ट्रेव्हर उठला. रिकाम्या पलंगाशी बसून त्या दिवसाचं वचन वाचलं. मग टाय बांधला, सँडविच केलं आणि कारखान्यात गेला.

गेटला पास लावला तर ते उघडलं नाही. पुन्हा लावला. पहारेकऱ्याने आत फोन केला, आणि थोड्या वेळाने जेम्मा स्वतः खाली आली. तिने त्याला पाहुण्यांच्या खोलीत बसवलं, पाणी आणून दिलं, डनीसबद्दल मनापासून बोलली. तिचे डोळे भरून आले होते. मग ती त्याच्या समोर बसली आणि बोलायला अवघड वाटणारं बोलायला लागली.

तिने सांगितलं, रसेलचं काम सगळ्यांना आवडलं आहे. तो सगळ्यांच्यात मिसळतो, नव्या पोरांना जवळ बसवून शिकवतो. नव्या पंपाचं काम त्याच्या हातात निम्म्यावर आलं आहे, आता हात बदलला तर पुन्हा पहिल्यापासून. करार जूनला संपतो, आणि वर विचारणा झाली तर नूतनीकरण व्हावं असं तिला वाटतं. म्हणून आहे तसंच चालू राहू दे.

"पण मी परत आलोय," ट्रेव्हर म्हणाला.

"ट्रेव्हर," ती म्हणाली, "आमचा करार तुमच्या कंपनीशी आहे. तुमच्याशी नव्हता. कंपनीने माणूस पाठवला, तो चांगला निघाला. तुमचं नुकसान काहीच नाही. बिल तर तुमच्याच नावाने येतंय."

त्याने मनातल्या मनात नववं कलम पुन्हा वाचलं. तिचं बरोबर होतं. बदलीचा माणूस पाठवता येईल असं तिथे लिहिलं होतं. पहिला माणूस परत घ्यावा लागेल असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याने ते ड्रॉइंगवर दाखवलेलं आहे असं गृहीत धरलं होतं. जन्मभर दुसऱ्या कुणाला जे करू दिलं नाही, ते त्याने स्वतः केलं होतं.

"तुम्हाला सगळं नियमाने हवं असायचं," जेम्मा म्हणाली. टोचून नाही, खरोखरच त्याची समजूत घालायला. "मला वाटलं, तुम्हाला हेच हवं असेल. तुम्ही कधी आमच्यात बसायचासुद्धा नाहीत."

बाहेर गेटापाशी रसेल थांबला होता. ट्रेव्हर आल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्या हातात मग होता, ट्रेव्हरच्या टेबलावरचा नाही, स्वतःचा, सप्टेंबरात वर्तमानपत्रात गुंडाळून नेलेला.

"चर्चमध्येच सांगणार होतो," तो म्हणाला. "जीभ उचलली नाही. ट्रेव्ह, मी तुझा माणूस आहे. कागदावर तू माझा मालक आहेस. तू नुसतं म्हण, मी आत्ता वर जातो, कोट घेतो आणि घरी जातो."

ट्रेव्हरला ठाऊक होतं की तो खरंच जाईल. हेही ठाऊक होतं, की मग जूनला करार संपेल आणि खुर्ची दोघांपैकी कुणालाच मिळणार नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर तेवढंच नव्हतं. लाँड्रीच्या वरच्या त्या दोन खोल्या होत्या. घरी जाऊन रसेल करणार काय होता? त्याच्या मागून पॅम गेटातून आत गेली आणि जाता जाता म्हणाली, मॉर्निंग, रसेल. मग ट्रेव्हर दिसताच ती गडबडली आणि त्याच्या दंडाला हात लावून गेली.

"कोट राहू दे," ट्रेव्हर म्हणाला. "खिडकीची कडी नीट केलीस का?"

"केली," रसेल म्हणाला.

ट्रेव्हर टेकडी चढून गाडीत जाऊन बसला. किल्ली लावली नाही. घरी जायचं म्हणजे पुढच्या खिडकीपाशी जायचं. आणि अंगात कोट होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वचन वाचलं, टाय बांधला, सँडविच केलं आणि निघाला. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा कामावर चाललोय म्हणाला. आठवड्याच्या आत जायचंस असं डनीसने सांगितलं होतं, आणि तो जात होता. पाहुण्यांच्या तळावर बाहेरच्या कंपनीचा माणूस गाडी लावू शकतो, ते त्याने पाटीवर वाचून घेतलं होतं. तिथून ड्रॉइंग ऑफिसच्या खिडक्या दिसायच्या. साडेसातला एकामागून एक दिवे लागायचे. त्याच्या खिडकीतला दिवा बहुतेक पहिला लागायचा, कारण रसेल आता लवकर येत असे. ट्रेव्हर वर्तमानपत्र वाचायचा. पाऊस असला की काच धूसर व्हायची, ती तो पुसत नसे.

महिनाअखेरीला कंपनीच्या खात्यात कारखान्याचे पैसे आले. रसेलचे रसेलला देऊन थोडे उरले. अकाउंटंटबाई म्हणाल्या, कंपनी उत्तम चालली आहे, फक्त पत्नीच्या हिश्शाचं काय करायचं ते सावकाशीने कळवा. तो हो म्हणाला.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी गाडीचं दार उघडलं आणि रसेल शेजारी येऊन बसला. त्याने ही गाडी किती दिवसांपासून पाहिली होती ते सांगितलं नाही, आणि ट्रेव्हरनेही विचारलं नाही. टेकडी चढून रसेलला धाप लागली होती. मांडीवरचं कागदाचं पुडकं त्याने उलगडलं. मासा, चिप्स, वर भुरभुरलेलं मीठ आणि व्हिनेगर. गाडी त्या वासाने भरून गेली.

"कॅन्टीनचं आहे?" ट्रेव्हरने विचारलं.

"कॅन्टीनचं आहे. तुझ्या कंपनीच्या माणसाला चालतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही."

ट्रेव्हर पुड्याकडे पाहत राहिला. मग त्याने डोळे मिटले आणि डनीस जेवणाआधी म्हणायची ती आभाराची ओळ मनात म्हटली. रसेल चर्चला जाणारा नव्हता, पण तोही तोवर थांबला. मग दोघांनी खाल्लं. टेकडीवर येईपर्यंत चिप्स निवल्या होत्या. खालच्या लांब टेबलाशी आज कोण काय बोललं ते रसेल सांगत होता, आणि ट्रेव्हर ऐकत होता, पण ती माणसं आता त्याला कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीतल्या माणसांसारखी वाटत होती.

"जूनला वाढवतायत," शेवटी रसेल म्हणाला. "वर्षभरासाठी."

"चांगलं झालं," ट्रेव्हर म्हणाला.

रसेलने कागद चुरगळून खिशात घातला, पुढच्या शुक्रवारीही येतो म्हणाला आणि उतरून गेला. तो खाली पोचून गेटात शिरेपर्यंत ट्रेव्हरने त्याला पाहिलं. मग वर्तमानपत्र उघडलं. साडेचारला कारखाना सुटला आणि गाड्यांची रांग टेकडीखाली सरकू लागली, तेव्हा त्याने आपली गाडी तिच्यात घातली, आणि सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्याच वेळेला, तो घरी गेला.